चावीचे तीन ठोके

सरकारनं पैसा पाण्यात घातला, असं माझा दीर तीन वर्षं म्हणत होता. तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरातही मागे फळा असल्यासारखाच बोलतो. मी त्याला दर वेळी एकच सांगायचे, "भाऊजी, पाण्यातच घालायचा होता. दुसरीकडे घातला असता तर मी भांडले असते."

मी पाणीखात्यात चावीवाली आहे. म्हणजे खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन फिरायचं, रस्त्यातली झाकणं उघडायची, आणि खालचे व्हॉल्व्ह फिरवून कुठल्या गल्लीला कधी पाणी द्यायचं ते ठरवायचं. गाव मला चावीबाई म्हणतं. पाणी यायचं दिवसाआड, तेही तासभर. सोडलं की मी चावीनं झाकणावर तीन ठोके द्यायचे. टण, टण, टण. ते ऐकलं की गाव हातातलं टाकून पळायचं. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी घेऊन पळालेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिलाय. आठ वर्षं हेच केलं. शिव्या खाल्ल्या, चहाही भरपूर प्यायले.

आणि मग सरकारच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, धरणापासून नवी पाइपलाइन टाकायला घेतली. तीन वर्षं रस्ते उकरलेले. टेकडीवर मोठी टाकी झाली, पंप आले, पंपांसाठी वेगळी विजेची लाइन आली. गावानं नाकं मुरडली, कंबरा मोडून घेतल्या, आणि एका सकाळी पाणी आलं ते थांबलंच नाही. चोवीस तास. त्याला आता तीन महिने झाले होते. माझे ठोके बंद झाले.

पण विश्वास ठेवतंय कोण. आमच्या घरी सासूबाईंचे तीन निळे ड्रम. रोज सकाळी कालचं पाणी झाडांना ओतायच्या आणि दुपारी ताजं भरून ठेवायच्या. मी म्हणायचे, "आई, नळात आहे की पाणी." त्या म्हणायच्या, "आज आहे." पुढे एक शब्द नाही. सगळं गाव तसंच होतं, आई निदान तोंडावर बोलायच्या.

आता मुद्द्याचं सांगते. माझा नवरा नऊ वर्षं परदेशात आहे. औषधाच्या छोट्या बाटल्या बनवणारा काचेचा कारखाना आहे, तिथे भट्टीवर. दोन वर्षांतून एकदा येणार, वीस दिवस राहणार, एकविसाव्या दिवशी बॅग भरणार. त्याच कंपनीला आमच्या देशात कारखाना काढायचा होता. सहा वर्षांपूर्वी त्यांची माणसं आमच्याच गावाबाहेरच्या माळावर येऊन गेली होती. तेव्हा सरकारनं काय केलं होतं, तर माळाच्या तोंडाशी दगडी कमान बांधली. मोठी, नक्षीची. पाहुण्यांनी कमान बघितली, नळ सोडला, नळानं फुस्स केलं, आणि पाहुणे परत गेले. कमान अजून उभी आहे. तिच्या सावलीत शेळ्या बसतात.

या वेळी ते पुन्हा येणार होते. नवऱ्यानं फोनवर मला सगळं समजावलं. "आमच्याकडची इंजिनिअर बाई येतेय. ती माणसांचं ऐकत नाही, काट्याचं ऐकते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तास पाण्याचं प्रेशर मोजणार. दोन किलोच्या खाली गेलं की संपलं. भट्टीला गार ठेवणारं पाणी कमी पडून चालत नाही." मग म्हणाला, "भट्टी उभी करायला पहिले चाळीस जण इथूनच पाठवणार आहेत. माझं नाव आहे यादीत."

एवढं मोठं बोलायला मला कधीच जमत नाही. फोन ठेवून मी चावीला तेल लावत बसले.

जेवताना दीर म्हणाला, "वहिनी, सरकारनं कर्ज काढून खर्च केला की व्याज वाढतं, कर वाढतात, परदेशी माणूस बिचकतो. हे पुस्तकात आहे."

"परदेशी माणसाला आधी हात धुवायला पाणी द्या, मग तो बिचकतो का बघू. हे पुस्तकात नाही."

"तेही आहे," तो म्हणाला. "खर्च कशावर केला, यावर आहे सगळं."

"मग तेवढंच पान वाचा आणि भाजी घ्या."

मोजणीच्या दिवशी मी पाच वाजताच माळावर हजर. पत्र्याच्या शेडमध्ये पाइपला यंत्र जोडलेलं होतं. आत घड्याळासारखा फिरणारा गोल कागद, त्यावर शाईची सुई. प्रेशर असेल तशी सुई रेघ ओढत जाते. सहाला सुरू झालं. तीन किलो. सातला तीन. आठला तीनच्या किंचित खाली, कारण गाव अंघोळ करत होतं. नऊला पुन्हा तीन. आमच्या खात्याचे साहेब हात चोळत फेऱ्या मारत होते. पाहुणी, म्हणजे ती इंजिनिअर बाई, उंच, केस कापलेली, गप्प. बरोबर एक दुभाषी मुलगी. पाहुणीनं माझ्या चावीकडे बघितलं, उचलून बघितली, वजनाला मान हलवली आणि परत दिली. मला बाई आवडली.

दहाच्या सुमाराला ती माळाच्या पलीकडच्या टोकाला विजेचं सबस्टेशन बघायला गेली. साहेब मला म्हणाले, "बाई, तिठ्यावरच्या मोठ्या व्हॉल्व्हचं झाकण उघडून ठेवा. पाहुणीला दाखवायचंय."

तिठा म्हणजे गावाच्या वेशीवरची, टाकीकडून येणारी लाइन जिथे फुटते ती जागा. एक फाटा गावाला, एक माळाला. गेले. नव्या डांबरात झाकण गच्च बसलेलं. बोटं घातली, हलेना. पाय लावून ओढलं, ढिम्म. माझं डोकं फिरलं. चावी उचलली आणि हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. सुटलं. मी खूश होऊन झाकण बाजूला केलं, आत बघितलं, कुठे गळती नाही, सगळं कोरडं ठणठणीत, आणि गाणं गुणगुणत शेडकडे परतले. एवढी मूर्ख बाई त्या दिवशी अख्ख्या देशात दुसरी नसेल.

शेडमध्ये पोचले तर साहेबांचा चेहरा पांढरा. "बाई, हे काय होतंय?"

सुई खाली उतरत होती. पावणेतीन. अडीच. गडबड नाही, घाई नाही, आरामात जिना उतरल्यासारखी. पाइप फुटला म्हणावं तर एकदम पडली असती. पंप बंद पडला म्हणावं तर टाकी भरलेली. दोन पूर्णांक चार.

साहेब माझ्या कानाशी आले. "पाहुणी अर्ध्या तासात येईल. गावाचा व्हॉल्व्ह बंद करा. सगळं पाणी इकडे येऊ दे. एक तासाचा प्रश्न आहे, गाव काही मरत नाही."

मी पळाले. खोटं कशाला सांगू, एका शब्दानं विचारलं नाही, नाही म्हटलं नाही. मला नवरा हवा होता. नऊ वर्षं मी एकटीनं दिवे मालवले, एकटीनं भांडले, एकटीनं आईंना दवाखान्यात नेलं. एक तास गाव कोरडं राहिलं तर काय आभाळ कोसळणार होतं. तिठ्यावर आले, चावी गावाच्या व्हॉल्व्हवर बसवली आणि फिरवायला लागले. मोठा व्हॉल्व्ह बंद व्हायला तीस फेरे लागतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सहाव्या फेऱ्याला गावाकडून आवाज आला. गडगड, गडगड. रिकामे ड्रम रस्त्यावरून लोळवताना होतो तो. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. आठ वर्षं माझ्या ठोक्यांच्या पाठोपाठ तोच यायचा.

माझे हात चावीवरच थांबले. तीन ठोके. मीच दिले होते. तीन महिन्यांनी पहिल्यांदा गावानं ते ऐकले, आणि गाव काय समजलं असेल ते मला न सांगता कळलं. परदेशी आले, आपलं चोवीस तास संपलं, पुन्हा दिवसाआड, भरा काय भरायचं ते. घराघरातला नळ सताड उघडा होता.

आणि मी इथे उभी राहून त्यांचं खरं करत होते. सहा फेरे झालेच होते. अजून चोवीस दिले की आईंचा तिसरा ड्रम अर्धा भरलेला असताना नळ फुस्स करणार आणि त्या म्हणणार, बघ, मी म्हटलं नव्हतं. आणि मग कधीच कुणाचा ड्रम रिकामा होणार नव्हता. मला माझाच इतका राग आला की स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती, पण हात मोकळा नव्हता. मी चावी उलटी फिरवली. सहाचे सहा फेरे परत दिले.

आता गावाला सांगायचं कसं? पाणी आलं याची खूण होती. नळ बंद करा अशी खूण आमच्या गावाला कधी लागलीच नव्हती.

तेवढ्यात कॉलेजातून घराकडे निघालेल्या दिराची स्कूटर तिठ्यावर आली. दोन्ही बाजूंना दोन-दोन रिकामे कॅन लटकवलेले. अर्थशास्त्राचा तास सोडून आला होता.

"वहिनी, तीन ठोके पडले म्हणे?"

"पडले. डोक्यात पडले माझ्या. काढा ते कॅन, मला बसू द्या."

वाटेत मी त्याला सगळं सांगितलं, ओरडून, कारण वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. तोही ओरडून म्हणाला, "याला अपेक्षा म्हणतात, वहिनी. पाइप टाकून भागत नाही, माणसांना खरं वाटायला—"

"भाऊजी, पुढे बघा, बैल आहे."

गल्लीत शिरलो तर जत्राच. ड्रम, बादल्या, पातेली, शिंपिणीनं तर बाळाचा टब बाहेर आणलेला. मी स्कूटरवर उभी राहून ओरडले, "नळ बंद करा. पाणी जाणार नाहीये."

झालं. दुप्पट जोरात भरायला लागले. न्हावी बाजूच्याला म्हणाला, "जाणार नाही म्हणतेय. म्हणजे नक्की जाणार." आठ वर्षं यांना खरं सांगितलं, त्याचं हे फळ. खरं म्हणजे आठ वर्षं मी त्यांना तासाभराचं वचन द्यायचे आणि पाऊण तासात पाणी जायचं, त्यामुळे न्हाव्यालाही काय बोलणार.

आमच्या दारात आई. दोन ड्रम काठोकाठ, तिसऱ्यात पाइप सोडलेला, अर्धा भरलेला. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं ठोकलंस. मला वाटलं, नव्या साहेबांपुढे विसरशील आम्हाला."

"आई, चुकून ठोकलं मी. झाकण अडकलं होतं. नळ बंद करा."

"बंद करू आणि मग?"

"आई, तिकडे एक सुई आहे. ती दोनच्या खाली गेली की कारखाना येत नाही. तुम्ही जेवढं पाणी भराल तेवढी ती खाली जाते. तुमचा मुलगा त्या सुईला लटकलाय."

त्यांनी ड्रमकडे बघितलं, मग माझ्याकडे. "परत येईल?"

मुलगा का पाणी, ते मी विचारलं नाही. "दोन्ही येतील," म्हटलं.

"तुझी शपथ?"

"माझी कशाला, तुमच्या मुलाची."

आईंनी नळ बंद केला. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी त्यांचे पाय धरले असते. पण त्यांनी दोन्ही हात अर्ध्या ड्रमला लावले आणि ढकलला. पाणी भळाभळा रस्त्यावर आलं. मग भरलेल्या ड्रमाला लागल्या. तो हलेना, तर दिराकडे बघून म्हणाल्या, "शिकलेल्या माणसा, हात लाव." आम्ही तिघांनी मिळून दोन्ही ड्रम आडवे केले.

गल्ली भरायचं विसरली. आमच्या गावात घागर सांडली म्हणून मुलांनी मार खाल्लाय, सांडपाण्यावरून दोन घरांत चार वर्षं बोलणं बंद होतं. आणि इथे एक म्हातारी तीन ड्रम रस्त्यावर ओतून पदराला हात पुसत उभी. पाणी सगळ्यांच्या पायांखालून वाहत गेलं.

"आता माझ्याकडे थेंब नाही," त्या म्हणाल्या. "माझा नळ बंद आहे. पाणी परत नाही आलं तर मी दुपारी तुमच्याकडेच मागायला येणार. आणि सुनेला हाकलून देणार, ते वेगळं."

पहिली शिंपीण हसली. हसत हसत तिनं नळ बंद केला. मग न्हाव्यानं केला, पण कान नळालाच लावून बसला. मग समोरच्यांनी. मग कुणीतरी पुढच्या गल्लीत ओरडत गेलं, "बंद करा, म्हातारीनं ड्रम ओतले." गावात बातमीचा पाइप कधीच फुटत नाही. दीर स्कूटरवरून खालच्या आळीत गेला. मी वरच्या आळीत पळाले, प्रत्येक दारात तेच, "आईंनी ओतले, बंद करा." माझं नाव घेऊन एकही नळ बंद झाला नाही. सगळे त्यांच्या नावावर झाले.

धापा टाकत शेडमध्ये परत आले तेव्हा पाहुणी यंत्रासमोर उभी होती. साहेब घाम पुसत दुभाषीला सांगत होते, "यंत्रात थोडा बिघाड झाला."

मी कागद बघितला. रेघ उतरत उतरत दोनच्या घराला टेकणार एवढ्यात थांबली होती. दोनच्या वर, केसभर. आणि आता वर चढत होती. सव्वादोन. अडीच.

मी गप्प बसायला हवं होतं, असं साहेब अजून म्हणतात. पण मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. "बिघाड नाही," मी म्हटलं. "मी चुकले." आणि सगळं सांगितलं. दिवसाआडचं पाणी, तीन ठोके, अडकलेलं झाकण, ड्रम. साहेबांचं सांगणंही सांगितलं, पण त्यांचं नाव न घेता. आणि सहा फेरे मी दिले आणि परत घेतले, तेही. दुभाषी मुलगी बिचारी बोलून बोलून दमली.

पाहुणी हसली नाही. म्हणाली, "मला गावात न्या. घर मी निवडणार."

तिनं नेमकी आमची गल्ली निवडली, कारण तिथे रस्ता ओला होता. शिंपिणीच्या घरात शिरली आणि स्वतः नळ सोडला. पाणी इतक्या जोरात आलं की तिच्या बाह्या भिजल्या. बाहेर येऊन आडव्या पडलेल्या निळ्या ड्रमांकडे बघत राहिली. आईंना विचारलं, का ओतलंत?

"मला सुई-बिई काही कळत नाही," आई म्हणाल्या. "ही म्हणाली, परत येईल. रोज भांडते माझ्याशी, पण खोटं बोलत नाही."

मग पाहुणी पहिल्यांदा सलग बोलली. दुभाषीनं सांगितलं ते असं. याआधी तिनं दोन गावं मोजली होती. दोन्हीकडे रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. दोन्हीकडे ती गावात गेली, तर नळ कोरडे. माळाला पाणी दाखवायला गाव बंद केलेलं. दुसऱ्या एका देशात अशाच गावात कंपनीनं पूर्वी कारखाना काढला होता. वर्षभरात लोकांनी कारखान्याचा पाइप फोडला, आणि फोडणारच. "इथे गावातला एकूण एक नळ उघडा होता," ती म्हणाली, "तरी मला दोन मिळाले. ही परीक्षा मी मागितली असती तरी तुमच्या सरकारनं घेऊ दिली नसती."

साहेब लगेच म्हणाले, "तेच तर आम्ही दाखवणार होतो."

संध्याकाळी सहाला सुई तीनवर होती. दीर घरी येऊन म्हणाला, "बघा वहिनी, सरकारनं माळासाठी कमान बांधली तेव्हा कुणी आलं नाही, गावासाठी पाइप टाकला तेव्हा आले." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं पटलं. त्याला सांगितलं नाही, नाहीतर तास घेतला असता.

कंपनीचा होकार चार महिन्यांनी आला. नवऱ्यानं फोन केला तेव्हा आईंनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि विचारलं, "किती दिवसांची रजा?" तो म्हणाला, "रजा नाही आई. बदली." आईंनी ते मला तीनदा सांगितलं, मी शेजारीच उभी असताना.

तो आला त्या सकाळी मी कामाला गेलेच नाही, पहिल्यांदाच. चहा ठेवला होता. तो तोंड धुवायला मोरीत गेला. पाण्याचा आवाज येत राहिला, येत राहिला. मी जाऊन बघितलं, तर बादली भरलेली, घागर भरलेली, तांब्या भरलेला, आणि दोन्ही हातांत पातेलं धरून तो ते भरायची वाट बघत होता. माझ्याकडे बघून घाईनं म्हणाला, "ड्रम कुठे गेले? पाणी आहे तोवर भरून घेऊ."

मी काही बोलायच्या आत आई माझ्या मागून आल्या. त्यांनी त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि नळ बंद केला.

"ड्रम विकले," त्या म्हणाल्या. "आता सोड पुन्हा."

तो आमच्या दोघींकडे बघत राहिला. मग त्यानं नळ सोडला, आणि पाणी आलं.